खलनायकाचा घडा कोण रिकामा करतं?

जेम्स बाँडच्या चाहत्यांमध्ये एक जुना वाद आहे. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये बाँड आणि त्याचा सगळ्यात मोठा शत्रू ब्लोफेल्ड समोरासमोर येतात, बोलतात, एकमेकांना नीट पाहतात. दोनच वर्षांनी आलेल्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये बाँड खोटं नाव घेऊन, चश्मा लावून ब्लोफेल्डच्या अड्ड्यावर जातो आणि ब्लोफेल्ड त्याला ओळखतच नाही. कारण साधं आहे. मूळ कादंबऱ्यांचा क्रम उलटा होता. 'ऑन हर मॅजेस्टीज' १९६३ ची आणि 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' १९६४ ची. चित्रपटात नंतरची गोष्ट आधी आली, पण आधीच्या गोष्टीतला पहिल्या भेटीचा प्रसंग तसाच राहिला.

ही चूक मला कधीच टोचली नाही. टोचली ती पुढच्या चित्रपटातली.

१९६९ च्या त्या चित्रपटाच्या शेवटी बाँडचं लग्न होतं, ट्रेसीशी. दोघं गाडीतून निघतात, वाटेत थांबतात आणि ब्लोफेल्डच्या गाडीतून गोळ्या सुटतात. बाँड मेलेल्या ट्रेसीला कवटाळून बसलेला असताना चित्रपट संपतो. १९७१ चा 'डायमंड्स आर फॉरएव्हर' सुरू होतो तेव्हा बाँड ब्लोफेल्डच्या मागावर आहे, दिसेल त्याला बदडून पत्ता विचारतोय. पण हा राग कशाचा, ते कुणीच बोलत नाही. ट्रेसीचं नाव अख्ख्या चित्रपटात एकदाही येत नाही. मागच्या वेळी जिच्यासाठी आपण हळहळलो ती बाई जणू कधी नव्हतीच.

चाहते कंटिन्युइटीबद्दल, म्हणजे कथेच्या सातत्याबद्दल तक्रार करायला लागले की बाकीचे लोक कंटाळतात. त्यांना वाटतं, ही मंडळी तारखा जुळवत बसली असणार. काही जण जुळवतातही. पण सातत्य दोन प्रकारचं असतं आणि आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो. एक तपशिलाचं. डोळ्यांचा रंग, गावाचं नाव, कोण कुणाला आधी भेटलं होतं. दुसरं परिणामांचं. कुणी काय गमावलं, कुणामुळे गमावलं आणि त्यानंतर ती व्यक्ती पूर्वीसारखी राहिली का. पहिलं चुकलं तर मी माफ करतो. दुसरं चुकलं तर आधी जे पाहिलं तेच खोटं पडतं. आणि परिणामांच्या या सातत्याची सगळ्यात खरी परीक्षा खलनायकापाशी होते, कारण कथेतलं नुकसान बहुतेक वेळा त्याच्याच हातून झालेलं असतं. पापाचा घडा भरतो असं आपण म्हणतो. लांबलेल्या मालिकांमध्ये हा घडा भरत आला की निर्मातेच तो गुपचूप रिकामा करतात आणि पुढच्या भागासाठी कोरा करून ठेवतात.

तपशील किती हलका असू शकतो ते होम्सच्या वाचकांना चांगलं माहीत आहे. वॉटसनची युद्धातली जखम १८८७ च्या पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे, १८९० च्या दुसरीत पायाला. १८९३ मध्ये 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये होम्स विचारतो, प्रोफेसर मोरियार्टीचं नाव ऐकलंयस का, आणि वॉटसन सरळ नाही म्हणतो. १९१४ मध्ये सुरू झालेली 'द व्हॅली ऑफ फिअर' ही घटनाक्रमात त्याच्या आधीची गोष्ट, आणि तिच्यात वॉटसनला मोरियार्टी छान ठाऊक आहे. वाचकांच्या कित्येक पिढ्या यावर तर्क लढवत आल्या आणि त्यातही त्यांना आनंदच मिळाला.

पण याच मालिकेत मोठी गोष्ट कशी सांभाळली ते पाहा. 'द फायनल प्रॉब्लेम'च्या शेवटी होम्स आणि त्याचा शत्रू मोरियार्टी कड्यावर झुंजत धबधब्यात कोसळले असं दाखवून लेखक कॉनन डॉईलने होम्सला संपवलं होतं. वाचकांचा आग्रह आणि प्रकाशकांचा पैसा यांपुढे १९०३ मध्ये होम्सला परत आणावं लागलं. त्याला जिवंत पाहून वॉटसन बेशुद्ध पडतो, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा. कथेतली मधली तीन वर्षं पुसली जात नाहीत. मोरियार्टीचा उजवा हात मोरान अजून बंदूक घेऊन होम्सच्या मागावर आहे. आणि मोरियार्टी मेलेलाच राहतो. पुन्हा हवा होता तेव्हा लेखकाने गोष्टच मागच्या काळात नेली, धबधब्यातून त्याला वर काढलं नाही. नायक परतला तरी त्या कड्यावरची झुंज वाया गेली नाही.

'स्टार वॉर्स'मध्ये याची दोन्ही टोकं सापडतात. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात म्हातारा गुरू ओबी-वॉन नायक ल्यूकला सांगतो की खलनायक डार्थ व्हेडरने तुझ्या वडिलांचा घात केला, त्यांना मारलं. १९८० मध्ये व्हेडर स्वतः सांगतो की मीच तुझा बाप. दुसऱ्या चित्रपटाच्या पटकथेच्या पहिल्या मसुद्यात ल्यूकचे वडील व्हेडरहून वेगळे होते, भूत होऊन मुलाला भेटायला येत होते. म्हणजे हा सरळसरळ मागाहून केलेला बदल आहे, रेटकॉन आहे, आणि तपशील जुळवण्यासाठी १९८३ मध्ये ओबी-वॉनला 'एका अर्थी ते खरंच होतं' असली सारवासारव करावी लागली. तरीही हा बदल मला कथेच्या इतिहासातल्या सर्वोत्तम बदलांपैकी वाटतो. त्याने ल्यूकच्या डोक्यावरचं ओझं वाढवलं. बापाचा सूड घ्यायला निघालेल्या मुलाला कळतं की ज्याला मारायचं तोच बाप आहे. त्याच झुंजीत त्याचा हात तुटतो, आणि तो तुटलेलाच राहतो. जुना घडा रिकामा करायचं सोडून त्यात आणखी काहीतरी जड टाकलं.

दुसरं टोक २०१९ मधलं. १९८३ मध्ये व्हेडर सम्राट पॅल्पटीनला उचलून खोल खाईत फेकतो आणि त्यासाठी स्वतःचा जीव देतो. त्याचं सगळं प्रायश्चित्त त्या एका कृतीत आहे. छत्तीस वर्षांनी 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये पो डॅमरॉन जाहीर करतो की पॅल्पटीन कसाबसा परतलाय. 'समहाउ', बस. ते वाक्य मी ऐकलं तेव्हा मला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. मागच्या भागातला खलनायक स्नोक २०१७ मध्येच मारला गेला होता, तिसऱ्या भागासाठी कुणीतरी मोठं हवं होतं, दिग्दर्शकाच्या खुर्चीत बदल होत होते, हे सगळं मला कळतं. पण त्या 'कसाबसा'ची किंमत व्हेडरने मोजली. त्याने जीव देऊन जे संपवलं ते संपलंच नव्हतं, असं त्याच्या माघारी ठरलं. आणि याच धांदलीत, २०१७ च्या चित्रपटात कुणा साध्या माणसांची मुलगी ठरलेली नायिका, रे, अचानक पॅल्पटीनची नात निघाली. कुठल्याही मोठ्या घराण्यात न जन्मलेली मुलगी या कथेचा आधार होऊ शकते, हा विचार फार सुंदर होता. तो एका म्हाताऱ्या खलनायकाच्या पुनरागमनासाठी खर्ची पडला.

यापेक्षाही क्रूर उदाहरण भयपटांत आहे. 'हॅलोविन' मालिकेत लॉरी स्ट्रोड १९७८ मध्ये मुखवटा घालणाऱ्या मायकल मायर्स या खुन्याच्या हातून वाचते. वीस वर्षांनी, १९९८ च्या चित्रपटात, ती पळायचं थांबवते, वळते आणि कुऱ्हाडीने त्याचं डोकं उडवते. आयुष्यभर भीतीत जगलेल्या बाईचा तो शेवट होता. २००२ मध्ये पुढचा भाग आला आणि सांगितलं गेलं की मायकलने एका रुग्णवाहिकेतल्या माणसाचा गळा चिरडून त्याची वाचा बंद केली होती, आपला मुखवटा त्याला चढवला होता. लॉरीने डोकं उडवलं ते त्या निरपराध माणसाचं. ती आता मनोरुग्णालयात आहे, आणि पहिल्या काही मिनिटांतच मायकल तिला मारतो. म्हणजे खलनायक जिवंत ठेवायचा म्हणून पीडितेच्या विजयाचा खून करून टाकला, तोही तिच्याच नावावर. मी हा प्रसंग कित्येक वर्षं मनातून काढू शकलेलो नाही. २०१८ मध्ये नव्या निर्मात्यांनी १९७८ नंतरचं सगळंच पुसून सरळ पहिल्या भागापासून पुढे गोष्ट नेली, तेव्हा एरवी रीबूटला नाक मुरडणारा मी खूश झालो. त्या चित्रपटातली लॉरी चाळीस वर्षं त्या एका रात्रीचं ओझं वाहतेय, तिचं मुलीशी नातं त्यापायी विस्कटलंय. तपशील सगळे फेकले, परिणाम मात्र उचलून घेतला.

पुन्हा बाँडकडे येतो, कारण २०१५ मधली एक गोष्ट सोडवत नाही. 'स्कायफॉल'चा सिल्व्हा हा मला त्या मालिकेतला सगळ्यात दुखरा खलनायक वाटतो. एमने, म्हणजे बाँडच्या वरिष्ठ बाईने, त्याला शत्रूच्या हवाली केलं, त्याने विष घेतलं, तरी तो मेला नाही. त्याची लढाई एमशी आहे, आणि ती पूर्णपणे त्याची स्वतःची आहे. त्यानंतरच्या, २०१५ च्या 'स्पेक्टर'मध्ये ब्लोफेल्ड येतो आणि सांगतो की आधीच्या सगळ्यांमागे मीच होतो, तुझ्या सगळ्या वेदनांचा कर्ता मीच. शिवाय तो बाँडचा मानलेला भाऊही निघतो. लेखकांना वाटलं असणार की यामुळे जग मोठं होईल. ते आक्रसलं. आधीच्या तीन चित्रपटांतले वेगवेगळे स्वार्थ, सूड आणि चुका एका घरातल्या भावाच्या मत्सरात जाऊन बसल्या. सिल्व्हाचा राग दुसऱ्याच्या हिशेबवहीतली एक ओळ झाला. असं केलं की आधीचे खलनायक मागे जाऊन मरतात आणि नवा काही त्यांच्या उंचीने वाढत नाही.

यावर नेहमी येणारं उत्तर मला मान्य आहे, निदान अर्धं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत खलनायक परतणारच. जोकरच घ्या. १९४० मध्ये 'बॅटमॅन'च्या पहिल्याच अंकात तो मरायचा होता. संपादकाने त्याला वाचवलं, शेवटी एक चौकट वाढवून तो जिवंत असल्याचं दाखवलं. तो निर्णय झाला नसता तर कॉमिक्सचं जग किती गरीब झालं असतं. आणि नव्या वाचकाला चाळीस वर्षांचा गृहपाठ करून या असं सांगता येत नाही. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'ने १९८५-८६ मध्ये डीसीच्या, म्हणजे बॅटमॅनच्या प्रकाशकांच्या, कथांमधल्या डझनावारी पृथ्व्या एकत्र केल्या त्या गुंता असह्य झाला म्हणूनच. दरवाजा उघडा ठेवायलाच हवा.

पण याच जोकरने या उत्तराची दुसरी बाजूही दाखवली आहे. १९८८ मध्ये बॅटमॅनचा पोरवयातला साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड, जगावा की मरावा याचा कौल वाचकांकडून फोनवर घेतला गेला. मरावा म्हणणारे ५३४३, जगावा म्हणणारे ५२७१. बहात्तर मतांनी जोकरच्या हातून एक मुलगा मेला. त्यानंतर जोकर तुरुंगात गेला, सुटला, पुन्हा गेला, पुन्हा सुटला, आणि प्रत्येक वेळी बॅटमॅन त्याला न मारता परत आणून ठेवत राहिला. जीव न घेण्याचं ते तत्त्व मुळात उदात्त आहे. पण खलनायक संपू न देणं हा धंद्याचा निर्णय, आणि त्याची लाज मात्र पात्राच्या माथी येते. हजारो मुडदे पडूनही न शिकणारा माणूस, अशी बॅटमॅनची प्रतिमा होत जाते. २००५ मध्ये जेसन परत आला. तो जिवंत कसा झाला याचं स्पष्टीकरण पुढे आलं ते हास्यास्पद होतं, दुसऱ्याच एका पात्राने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारल्यामुळे म्हणे काळाला तडे गेले. तरी मला ते पुनरागमन आवडतं. कारण परतलेला जेसन बॅटमॅनसमोर उभा राहून वाचकाच्या मनात सतरा वर्षं साचलेला प्रश्नच विचारतो. मला वाचवलं नाहीस म्हणून मी रागावलो नाही, जोकर अजून जिवंत का आहे ते सांग. मेलेला माणूस हिशेब मागायला परतला. असा परतत असेल तर माझी हरकत नाही.

मार्व्हलच्या चित्रपटांनीही हे कधी छान सांभाळलं आणि कधी निसटू दिलं. थॅनोसला २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या मिड-क्रेडिट सीनपासून उभं केलं गेलं. २०१८ मध्ये त्याने अर्धं विश्व संपवलं. २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये तो थॅनोस सुरुवातीलाच मरतो, थॉर त्याचं डोकं उडवतो, आणि शेवटच्या युद्धात जो येतो तो २०१४ मधून आलेला, ज्याने यातलं काहीच अजून केलेलं नाही. अ‍ॅव्हेंजर्समधली वांडा त्याच्यावर झेपावते, तू माझं सगळं हिरावून घेतलंस म्हणते, आणि तो म्हणतो, तू कोण तेही मला माहीत नाही. हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय आणि दर वेळी मनात दोन गोष्टी होतात. लेखकांना अडचण कळली होती आणि त्यांनी ती लपवली नाही, याचं समाधान वाटतं. आणि वांडाला तिचा गुन्हेगार कधीच मिळाला नाही, हेही जाणवतं. तिच्या प्रियकराचा मारेकरी शेतावरच्या झोपडीत मरून पडला तेव्हा ती स्वतः धूळ झालेली होती.

याच चित्रपटात टोनी स्टार्क मात्र अट घालतो की गेलेल्यांना परत आणा, पण मधली पाच वर्षं पुसू नका. त्या काळात त्याला मुलगी झालेली आहे. म्हणून पाच वर्षं राहतात. लोक परततात ते वय वाढलेल्या भावंडांकडे, दुसऱ्या कुणाच्या झालेल्या घरांकडे. क्विल या नायकाची प्रेयसी गमोरा, तिचंही तसंच. मेलेली गमोरा परतत नाही, २०१४ मधली दुसरी येते, आणि २०२३ च्या तिसऱ्या 'गार्डियन्स'मध्ये ती क्विलच्या प्रेमात पडत नाही. त्याचा शोक त्याच्याजवळच राहतो. मल्टिव्हर्सचा, म्हणजे समांतर विश्वांच्या कल्पनेचा, एवढा प्रामाणिक वापर मी फार कमी पाहिलाय. एरवी मल्टिव्हर्स म्हणजे मृत्यू स्वस्त करण्याचं यंत्र झालंय. एका टाइमलाइनमध्ये मेला, दुसरीतून उचलून आणा.

खलनायकाला सुधारण्याबद्दलही हेच. सुधारू द्यावा, जरूर. पण ज्यांचं त्याने नुकसान केलं त्यांना त्या सुधारणेत बोलू द्यावं. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या अ‍ॅनिमेशन मालिकेत शत्रूपक्षाचा राजपुत्र झूको चांगल्या बाजूला येतो तेव्हा सगळे मिळून त्याला मिठी मारत नाहीत. आंगसोबत एक प्रवास, सोकासोबत दुसरा, कटारासोबत तिसरा. एकेकाचा विश्वास त्याला वेगवेगळा मिळवावा लागतो, आणि कटाराचा सगळ्यात शेवटी. मुलांसाठी केलेल्या मालिकेला हे सुचलं. व्हेडरचं प्रायश्चित्त ल्यूकपुरतं झालं. ज्या राजकन्या लेयाचा त्याने छळ केला, जिचा ग्रह तिच्या डोळ्यांदेखत उडवला जात असताना तो तिला धरून उभा होता, तिला त्या तीन चित्रपटांत यावर एक वाक्यही बोलायला मिळालं नाही.

एक गोष्ट चाहत्यांनाही सांगायला हवी. सातत्याच्या नावाखाली नट-नट्यांना छळणं, त्यांना समाजमाध्यमं सोडायला लावणं, हा घाणेरडा प्रकार आहे आणि तो आमच्यातल्या लोकांनी केलाय. कथेत काय घडावं हे नट ठरवत नाही. ज्याला कथेतल्या पीडितांची एवढी काळजी आहे, त्याने जिवंत माणसाला पीडित करू नये.

ट्रेसीचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९७७ मध्ये, रॉजर मूरच्या बाँडला कुणीतरी त्याच्या लग्नाची आठवण काढतं आणि तो तिथेच विषय तोडतो. १९८१ चा 'फॉर युअर आइज ओन्ली' थेट तिच्या थडग्यापाशी सुरू होतो. बाँड फुलं ठेवतो, दगडावर तिचं नाव कोरलेलं आहे. १९८९ मध्ये नट पुन्हा बदललेला, आता टिमथी डाल्टन. मित्राच्या लग्नात नवरी थट्टेने म्हणते, आता पुढचं लग्न तुझं, आणि बाँडचा चेहरा उतरतो. तो निघून गेल्यावर मित्र बायकोला सांगतो, त्याचं एकदा लग्न झालं होतं, फार पूर्वी. त्याच रात्री ती नवरी मारली जाते, आणि बाँड नोकरीवर लाथ मारून सूड घ्यायला निघतो. तेव्हा कुणी समजावून सांगावं लागत नाही. तीन नट, वीस वर्षं, आणि एक बाई मेलेली राहिली म्हणून तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांतलं दुःख आपल्याला कळलं.

आता मला काळजी आहे ती मार्व्हलच्या पुढच्या खलनायकाची, डॉक्टर डूमची. मार्व्हलने कँग नावाचा खलनायक दोन-तीन वर्षं उभा केला आणि पडद्याबाहेरच्या कारणांनी सोडून दिला. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालं की डूमची भूमिका रॉबर्ट डाउनी ज्युनिअर करणार. म्हणजे टोनी स्टार्कच्या भूमिकेत ज्या चेहऱ्याने २०१९ मध्ये विश्व वाचवताना प्राण सोडले तोच चेहरा आता मुखवट्याआड असणार. हा निर्णय तिकिटं विकण्यासाठी झालाय हे उघड आहे, पण त्यामुळे तो वाईटच ठरेल असं मी म्हणत नाही. व्हेडरचा मुखवटा पहिल्यांदा उतरला होता तेव्हा आत एक बाप निघाला होता. मला फक्त एवढं पाहायचंय की डूमने मुखवटा काढला तर समोर पीटर पार्कर, म्हणजे स्टार्कचा लाडका स्पायडरमॅन, असेल का. त्याने ज्या माणसाला मरताना पाहिलं तोच चेहरा पुन्हा समोर आल्यावर त्याचे हात थांबतील का. आणि थांबले, तर तो प्रसंग एका विनोदावर उडवला जाईल, की कॅमेरा त्या पोराच्या चेहऱ्यावर थोडा वेळ थांबेल.